डाळिंबावरील तेल्या रोग : तो कसा होतो व कसा पसरतो

नाशिक जिल्ह्यातील कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून ‘कसमादे’ हे नाव रूढ झाले आहे. गिरणा, मोसम व आरम या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख पाऊसमानाने बेताचाच. हलक्या व मुरमाड जमिनीत, थोड्या पाण्यावर तग धरणारे डाळिंब येथील शेतकऱ्यास चांगले मानवले आणि एके काळी बाजरी-मठावर भागविणाऱ्या कित्येक घरांत या फळाने पैसा आणला. परंतु २००२ नंतरच्या काही वर्षांत तेल्या रोगाने महाराष्ट्रातील डाळिंबाचे बहुतेक सर्व पट्टे गाठले, आणि कसमादेतील अनेक बागाईतदारांवर फळावर आलेली झाडे मुळासकट उपटून बांधावर टाकण्याची पाळी आली. बाग गेली तरी बागेवर काढलेले कर्ज जात नाही. म्हणून हा रोग नेमका कशाने होतो आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत कोणत्या वाटेने जातो, हे प्रत्येक बागाईतदाराने व गावपातळीवरील प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

‘पाऊस झाला आणि तेल्या आला’ असे खेड्यापाड्यांतून सर्रास बोलले जाते. यात अर्धेच तथ्य आहे. पाऊस रोग निर्माण करीत नाही. बागेत जंतू नसेल तर कितीही पाऊस झाला तरी तेल्याचा एकही डाग उठणार नाही. पाऊस फक्त असलेल्या जंतूस वाढवितो व थोड्या अंतरापर्यंत वाहून नेतो. त्यापुढचा लांबचा प्रवास जंतू बहुधा माणसाच्या हातून करतो.

रोगाची ओळख

तेल्या हा बुरशीमुळे नव्हे, तर झँथोमोनास या वर्गातील एका सूक्ष्म जिवाणूमुळे होणारा रोग आहे. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्ली येथे झाली आणि १९५९ साली शास्त्रज्ञांनी त्या जंतूचे रीतसर वर्णन करून त्यास नाव दिले. म्हणजे हा शत्रू नवखा नाही. कित्येक वर्षे तो किरकोळ रोग म्हणून गणला जात होता. डाळिंबाची लागवड वाढली, बागेला बाग लागली, कलमांची ने-आण सुरू झाली, तेव्हा त्याला पसरण्यास रान मोकळे मिळाले. २००५ साली सोलापूर येथे डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच्या पुढील कामातही तेल्याच्या अभ्यासास मोठे स्थान राहिले.

पानावर प्रथम टाचणीच्या डोक्याएवढा, पाण्याने भिजल्यासारखा ठिपका दिसतो. पान उजेडासमोर धरले असता तो भाग तेलकट व अर्धपारदर्शक भासतो. त्यावरूनच रोगास हे नाव पडले. पुढे ठिपक्याचा मध्य तपकिरी-काळा होतो, त्याभोवती पिवळसर कडा उमटते आणि पान गळते. खोडावर व फांदीवर, विशेषतः पेऱ्याजवळ, काळपट खोलगट डाग पडतात. डागाने फांदीस वेढा घातला की फांदी त्या जागी कटकन मोडते. फळावरील डाग सर्वांत घातक होत. साल तेथे ताठर बनते व आतील दाणे वाढत असताना ती ताण सोसू शकत नाही, त्यामुळे फळ इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षराच्या आकारात तडकते. न तडकलेले, परंतु दोन-चार डाग असलेले फळही बाजारात मातीमोल ठरते.

प्रत्येक काळा डाग तेल्याचा नसतो. बुरशीमुळे पडणारे ठिपके बहुधा कोरडे असतात व उजेडासमोर तेलकट दिसत नाहीत. उन्हाचा चट्टा फळाच्या फक्त सूर्याकडील बाजूस पडतो. शंका असल्यास ताज्या डागाच्या कडेचा बारीक तुकडा कापून काचपट्टीवर स्वच्छ पाण्याच्या थेंबात ठेवावा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. जिवाणूंचा रोग असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट पाण्यात येताना दिसतो. ही तपासणी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करून घेता येते. ती न करताच महागडी औषधे फवारणारे बागाईतदार थोडे नाहीत.

जंतू झाडात काय करतो

हा जंतू इतका लहान असतो की त्याच्यासारखे पाचशे ते हजार जंतू एकापुढे एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल. त्याला एका टोकास शेपटीसारखा धागा असतो व त्याच्या साहाय्याने तो पाण्यात पोहतो. कोरड्या पानावर त्यास हालचाल करता येत नाही, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. बुरशीप्रमाणे पानाची अखंड साल भेदून आत शिरण्याचे सामर्थ्यही त्याच्या अंगी नसते. त्याला उघडे दार लागते. झाडाच्या अंगावर अशी दारे पुष्कळ आहेत. पानांवरील श्वासरंध्रे, छाटणीच्या जखमा, काट्यांनी पडलेले ओरखडे, गळलेल्या पानाचे वण, गारांचा मार, किडींनी पाडलेली छिद्रे, यांतील कोणतेही दार त्यास पुरते. डाळिंबाचे झाड काटेरी असते आणि वाऱ्याने फांद्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे वादळी पावसानंतर एका रात्रीत हजारो जखमा तयार होतात.

आत शिरल्यावर जंतू पेशींच्या मधल्या पोकळीत राहतो आणि सुईसारख्या सूक्ष्म नळीने काही द्रव्ये थेट पेशीत सोडतो. त्यांचे काम झाडाची प्रतिकाराची यंत्रणा मंद करणे हे होय. त्याच वेळी तो गोंदासारखा चिकट पदार्थ बनवितो. पेशींमधील हवेची जागा पाणी व हा चिकट द्रव घेतात. कागदावर तेल सांडले की कागदातून उजेड पलीकडे दिसू लागतो, त्याचप्रमाणे पानाचा तो भाग अर्धपारदर्शक होतो. डाग तेलकट का दिसतो याचे उत्तर हेच आहे. पुढे पेशी मरतात, डाग काळा पडतो, आणि दमट हवेत डागातून जंतूंनी भरलेला चिकट द्रव बाहेर पाझरतो. पानावरील पाण्याच्या एका थेंबात मग असंख्य जंतू असतात.

वाढीचा वेग समजण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एका जंतूचे दोन होण्यास चार तास लागतात. चोवीस तासांत एकाचे ६४ होतील, दोन दिवसांत ४,०९६ आणि तीन दिवसांत अडीच लाखांच्या वर. डोळ्यांस डाग दिसतो तो त्यानंतर केव्हातरी. अर्थात ज्या दिवशी बागाईतदारास पहिला डाग दिसतो, त्या दिवशी रोगाची सुरुवात नसते. जंतू आत शिरून कित्येक दिवस झालेले असतात आणि शेजारच्या फांदीवर तो पोहोचलेलाही असतो.

रोगाचे कारण जंतूच आहे, हे कसे ठरविले गेले, हेही थोडक्यात सांगणे उपयोगी होईल. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख याने १८७६ साली गुरांच्या फाशी रोगाचा जंतू दाखवून दिला. रोगी शरीरात जंतू सापडला पाहिजे, तो वेगळा काढून वाढविता आला पाहिजे, आणि निरोगी शरीरात घातला असता तोच रोग झाला पाहिजे, अशी कसोटी पुढे त्याच्या नावाने रूढ झाली. १८८० च्या सुमारास अमेरिकेत टॉमस बरिल याने नासपतीच्या झाडावरील करपण्याच्या रोगाचे मूळ जिवाणूत असल्याचे दाखविले, तेव्हा झाडांनाही जिवाणूंचे रोग होतात हे जगास कळले. डाळिंबाचा तेल्या याच कसोटीस उतरलेला आहे. म्हणून त्याचा संबंध ग्रहदशेशी, दृष्ट लागण्याशी अथवा नुसत्या खतांच्या कमतरतेशी जोडण्यात अर्थ नाही.

द्राक्षाचा केवडा आणि डाळिंबाचा तेल्या

याच जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी भागांत द्राक्षाचा केवडा रोग सर्वांच्या परिचयाचा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला आणि त्यानंतर केवड्याने द्राक्षबागांची मोठी हानी केली. केवडा व तेल्या या दोघांनाही ओली पाने लागतात, परंतु त्यांच्या प्रवासात महत्त्वाचा फरक आहे. केवड्याचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लवेसारखे उगवतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन एका बागेतून दुसऱ्या बागेत सहज जातात. त्यांना अडविण्यासाठी बांध घालता येत नाही, म्हणून द्राक्षाच्या बागाईतदारास आभाळाकडे डोळे लावून फवारणीची वेळ साधावी लागते. तेल्याचा जंतू कोरड्या वाऱ्यावर असा उडत नाही. तो थेंबाबरोबर उडतो, थेंबाबरोबर पडतो, व त्याची मजल थोडी असते. ज्या रोगाला चालवत नेण्याचे काम बहुतांशी माणूसच करतो, तो रोग रोखणेही बऱ्याच अंशी माणसाच्या हाती राहते.

जंतूच्या वाटा

पहिली आणि सर्वांत लांबची वाट कलमांची. डाळिंबाची लागवड बहुधा गुटी कलमांनी होते. गुटी म्हणजे मातृवृक्षाची फांदीच; मातृवृक्षाच्या अंगी जे असेल ते तिच्याबरोबर येते. रोगट झाडाची फांदी वरून निर्मळ दिसली तरी तिच्या डोळ्यांत अथवा सालीच्या बारीक डागात जंतू दडलेला असू शकतो. पन्नास कोस दूर असलेल्या, पूर्वी कधीही डाळिंब न लावलेल्या माळरानावर तेल्या पोहोचतो तो याच वाटेने. स्वस्त मिळतात म्हणून, पाहुण्याच्या बागेतली आहेत म्हणून, अथवा त्या बागेला गेल्या वर्षी भाव चांगला मिळाला म्हणून कलमे आणली जातात. मातृवृक्ष पावसाळ्यात कोणी पाहिलेला नसतो. वास्तविक कलमे घेण्यापूर्वी मातृवृक्षाची बाग पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे रोग असल्यास तो दडून राहणार नाही अशा वेळी, स्वतः जाऊन पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. उन्हाळ्यात पाहिलेली बाग फसविते. यास आणखी एक कारण जोडून विचार करावा. कलमांनी वाढविलेली सर्व झाडे एकाच रक्ताची असतात. एकास जो रोग बाधतो तो सर्वांस बाधतो. गणेश, आरक्ता, भगवा या आपल्याकडील प्रचलित जाती या रोगास बळी पडतात, त्यामुळे जात बदलून सुटका होईल अशी आशा ठेवू नये.

दुसरी वाट छाटणीच्या कात्रीची. रोगट फांदी कापताना कात्रीच्या पात्यास जंतूंचा लेप लागतो आणि पुढच्या झाडावर तीच कात्री ताजी जखम करून त्या जखमेतच जंतू भरते. यापेक्षा सोपे दार जंतूस मिळणार नाही. छाटणी करणाऱ्या मजुरांच्या टोळ्या आज एका गावात तर उद्या दुसऱ्या गावात काम करतात, व त्यांच्या कात्र्या त्यांच्याबरोबरच फिरतात. येथे मजुरास दोष देणे योग्य नव्हे. कात्री बुडविण्यासाठी औषधाचे द्रावण बागेत तयार ठेवणे हे मालकाचे काम आहे.

तिसरी वाट पावसाची. थेंब डागावर आपटतो, फुटतो आणि जंतूंनी भरलेले तुषार शेजारच्या पानांवर उडतात. जोडीला वारा असेल तर ते काही झाडे ओलांडून जातात. पाने ओली असताना बागेत फिरणाऱ्या माणसांचे कपडे, फळांचे क्रेट व अवजारे हेही तेच काम करतात. अंदाजे २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान व दमट हवा असली की रोग झपाट्याने वाढतो. म्हणूनच जुलै ते सप्टेंबर हे महिने सर्वांत धोक्याचे.

चौथी वाट ही खरे तर वाट नसून मुक्कामाची जागा आहे. खोडावरील जुने डाग, झाडाखाली पडलेली पाने, तडकलेली फळे व छाटणीच्या काड्या यांत जंतू पुढील पावसापर्यंत तग धरून राहतो. पाने कुजून मातीत मिसळली की त्याचा आसरा संपतो, परंतु बांधावर वाळत पडलेल्या फांद्यांत तो सुखाने राहतो. तडकलेली फळे ओढ्यात अथवा रस्त्याच्या कडेला फेकण्याची सवय फार घातक आहे.

रोग कोणत्या वाटेने आला, हे झाडांच्या मांडणीवरून पुष्कळदा ओळखता येते. विस्तार कार्यकर्त्याने बागेचा साधा नकाशा कागदावर काढून रोगट झाडांच्या जागी फुल्या माराव्यात. लागवडीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात फुल्या सर्व बागेत विखुरलेल्या असतील, तर संशय कलमांवर जातो. एका ओळीत लागोपाठ, छाटणी ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने फुल्या पडल्या असतील, तर कात्रीचा विचार करावा. वाऱ्याच्या तोंडाकडील बांधालगत फुल्या दाट व पुढे विरळ असतील, तर रोग शेजारच्या बागेतून पावसाबरोबर आलेला असण्याचा संभव अधिक. असा कागद मालकाच्या हाती दिला की पुढचे सांगणे त्यास लवकर पटते.

वाट अडविण्याचे उपाय

बाग विश्रांतीत असताना कोरड्या दिवशी छाटणी करावी. रोगट फांदी डागाच्या दोन इंच खाली कापावी. दोन कात्र्या जवळ बाळगाव्यात. एकीने काम चालू असता दुसरी सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडालेली असावी, आणि प्रत्येक झाडानंतर त्यांची अदलाबदल करावी. या द्रावणाने पाते गंजते, म्हणून सायंकाळी कात्री धुऊन तेल लावून ठेवावी. मोठ्या जखमांवर १० टक्के बोर्डो मलम लावावे. नंतर खाली पडलेले सर्व पाने-फांद्या गोळा करून जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात आणि झाडाखालील जमिनीवर हेक्टरी २५ किलो ब्लीचिंग पावडर १००० लिटर पाण्यात कालवून शिंपडावी.

त्यानंतर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावे. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत विरघळवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतावे व ढवळत राहावे. तयार मिश्रणात लोखंडी सळई बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. हे मिश्रण पानाच्या पृष्ठभागावर पहारा करते, आत शिरलेल्या जंतूस मारीत नाही. डाग दिसल्यावर फवारणी केली आणि डाग गेले नाहीत, म्हणून बोर्डो निकामी ठरविणारे बागाईतदार पहारेकऱ्याकडून वैद्याचे काम मागतात.

स्ट्रेप्टोमायसिनसारख्या प्रतिजैविकांवर भिस्त ठेवणे हितावह नाही. ही औषधे मुळात माणसाच्या रोगांसाठी आलेली. क्षयाच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिनचे स्थान सर्वांस ठाऊक आहे. ती वारंवार फवारली की त्यांना दाद न देणारे जंतू मागे उरतात व वाढतात, आणि त्याचा उपद्रव बागेपुरता मर्यादित राहत नाही.

बहाराची निवड हा या रोगाच्या बाबतीत सर्वांत अवघड प्रश्न आहे. मृग बहाराची फळे ऐन पावसाळ्यात वाढतात, म्हणून त्यांस धोका सर्वाधिक. हस्त बहाराची फळे थंड व कोरड्या हवेत पोसतात आणि त्यावर रोग कमी येतो, म्हणून रोगग्रस्त भागात हस्त बहार धरण्याची शिफारस केली जाते. परंतु कसमादेतील अनेक विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, आणि मृग बहार पावसाच्या पाण्यावर निघतो, हेच त्याचे आकर्षण. शिवाय पाऊस लांबला तर हस्त बहारासाठी झाडास ताण बसत नाही. ज्याच्याजवळ शेततळे आहे त्याला निवड करता येते, ज्याच्याजवळ नाही त्याला नुसता उपदेश करून भागत नाही. अशा बागाईतदाराने पाणी पुरेल इतक्याच झाडांवर हस्त बहार धरून उरलेल्या झाडांस विश्रांती द्यावी, हा त्यातल्या त्यात कमी नुकसानीचा मार्ग आहे. रोग जोरात असलेल्या बागेस तीन ते चार महिन्यांची विश्रांती चुकवू नये. नत्राची खते बेताने द्यावीत, कारण लुसलुशीत पालवीवर जंतूचा हल्ला लवकर होतो. नवी लागवड १५ × १० फुटांवर करावी, म्हणजे झाडांत वारा खेळून पाने लवकर सुकतील.

एक गोष्ट एकट्या बागाईतदाराच्या आवाक्याबाहेरची आहे, ती म्हणजे सोडून दिलेली बाग. रोगाने कंटाळून मालकाने पाणी तोडले, छाटणी थांबविली, परंतु झाडे उभीच ठेवली, तर ती बाग प्रत्येक पावसाळ्यात शेजाऱ्यांस जंतू पुरवीत राहते. मालकास झाडे काढण्याची मजुरी परवडत नाही व शेजाऱ्यास दुसऱ्याच्या रानात हात घालता येत नाही. अशा वेळी विस्तार कार्यकर्त्याने पुढाकार घेऊन दोघांस एकत्र बसवावे. शेजारच्या चार बागाईतदारांनी मजुरी वाटून घेतली तर हे काम दोन-तीन दिवसांत उरकते. झाडे मुळासकट काढून, फांद्या त्याच रानात खड्ड्यात जाळाव्यात. सरपणासाठी गावभर वाटू नयेत. हे सर्व वळीव पडण्यापूर्वी, मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवावे, आणि त्या रानात पुन्हा डाळिंबच लावावयाचे असेल, तर मधल्या काळात निदान दोन हंगाम कांदा, बाजरी किंवा हरभरा यांसारखी दुसरी पिके घ्यावीत.